परक्या रानातली हमखास शिकार

यंदाच्या वसंतात अमेरिकेत, दक्षिण डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत टर्की हा रानपक्षी मारायला निघालात, तेही धनुष्यबाण घेऊन? वा! रान आधी पाहिलेलं नाही ना? मग आता तरी कशाला पाहता? सुमारे बारा लाख एकरांचं सरकारी जंगल आहे ते. म्हणजे सगळ्यांचं, म्हणजेच तुमचं. मध्येमध्ये खासगी जमिनीचे तुकडे घुसलेले आहेत खरे, पण फोनमध्ये नकाशा असतोच. तो घरूनच उतरवून घ्यायची मुळीच गरज नाही. दरीत रेंज गेली तरी कुंपण दिसेल, आणि ते ओलांडलंत की मालकही दिसेल.

काही खुळे लोक आदल्या संध्याकाळी रानात जाऊन घुबडासारखं घुमतात. पाइनवर बसलेल्या नराला राहवत नाही, तो ओरडून उत्तर देतो आणि रातथारा, म्हणजे रात्री बसायचं झाड, कुठे आहे ते कळतं. मग हे लोक पहाटेच्या अंधारात परत येतात आणि जवळपास कुठेतरी चिडीचूप बसून राहतात. एप्रिलात तिथे बर्फही पडतो. त्यापेक्षा जवळच्या रॅपिड सिटी शहरात छान स्टेक खा, झोपा, आणि उजाडल्यावर गाडीचं दार धाडकन लावून आपण आल्याची वर्दी द्या.

खरेदीत हात आखडता घेऊ नका. अंगाचा वास घालवणारा साबण घ्या, फवारा घ्या. टर्कीला वास फारसा येतच नाही, पण हे दुकानात कशाला काढायचं? डोळे मात्र तिचे भलतेच तिखट. मान जराशी वळवली की चहूकडचं दिसतं, तेही रंगांसकट. म्हणून अंगावर लाल, पांढरं, निळं काहीतरी हवंच. माजावर आलेल्या नराचं डोकं नेमकं याच रंगांचं असतं, तेव्हा झुडपाआडच्या दुसऱ्या शिकाऱ्याचं तुमच्याकडे दुर्लक्ष होणार नाही.

आता मादीचा आवाज काढायचा. लाकडी पेटी, घासायची पाटी, तोंडात धरायची पडदी, सगळं एकदम वाजवा. रानातली रीत अशी की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. तुम्ही नरालाच बोलावताय, त्यामुळे तो लांबवर थबकतो आणि पिसारा फुलवून वाट बघत बसतो. अशा वेळी गप्प राहणं तुमच्या स्वभावात नाही, ते सोडा. समोरून मादीचा मंजुळ आवाज आला तर त्या दिशेने रांगत जा. पलीकडूनही कुणी असंच रांगत येत असतं. बराच वेळ एकमेकांना साद घालून अखेर दोन दाढीवाले समोरासमोर येतात. टर्कीच्या नराचीही खूण दाढीच, फक्त ती छातीवर असते.

समजा, पक्षी खरोखरच वीस पावलांवर आला. बंदूकवाल्याला बोट हलवायचं असतं, तुम्हाला अख्खा हात मागे खेचायचाय. तो झाडाआड जाईपर्यंत थांबू नका, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून दोरी ताणा. नेम फुललेल्या पिसाऱ्याच्या मधोमध. आत जीव घ्यायची जागा मुठीएवढी असते आणि पक्षी वळला की तीही सरकते, हे असले तपशील सरावाला जाणाऱ्यांसाठी. जखमी टर्की उडूनही जाते, आणि मागे रक्ताचा माग फारसा राहत नाही. त्यामुळे ‘बहुतेक चुकलाच’ म्हणून गाडीकडे वळायला तुम्ही मोकळे. (असं वळणाऱ्यांशी मी शेकहँड करत नाही, पण ते माझं झालं.)

एक दिलासा देतो. हा पक्षीही मूळचा इथला नव्हे. 1948 ते 1951 या काळात न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोहून आणून त्याला इथे सोडलं. फरक इतकाच, की त्याने मग रान शिकून घेतलं. आणि अमेरिकेत धनुष्यबाणांवरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. तशी कायदादुरुस्ती झाली 1972 साली. भारतातला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा, म्हणून तर धनुष्य घेऊन तुम्हाला इतकं लांब यावं लागलं. तेव्हा एकही पीस हाती न लागता तुम्ही टर्कीसाठी बरंच काही करून जाल.

चार दिवस भटकून आता तुम्हाला थोडंफार कळायला लागलंय: कुठला ओढा कुठे उतरतो, थवा दुपारी कुठे चरतो, कुंपण कुठे आहे. इथे पुन्हा येणं धोक्याचं. पुढच्या वर्षी शेजारच्या नेब्रास्का राज्याचा परवाना काढा.