मेल लेकीनेच लिहू दे

अमेरिकेतल्या कॉलेज कोचच्या नजरेत आपलं मूल कसं भरेल, यावरचा लेख आवडला. पण 'पत्रव्यवहार पालकांनी सांभाळावा' हा सल्ला अजिबात पटला नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी पोहते. आधी मेल मीच लिहायचे. मुलांची माहिती कोचपर्यंत पोहोचवणाऱ्या एका एजन्सीलाही पैसे भरले, तिने एकच साचेबद्ध पत्र सगळीकडे धाडलं. कुठूनच उत्तर नाही.

मग लेकीनेच मनावर घेतलं. पहाटेच्या प्रॅक्टिसहून आली की ओल्या केसांनी ओट्यापाशी उभी राहून लिहायची. विषयाच्या ओळीतच नाव, बारावीचं साल, १०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोकची वेळ. खाली दोन-तीन ओळी, तुमच्याच टीममध्ये का यायचंय. पोहण्यात घड्याळच बोलतं, व्हिडिओत स्टार्ट आणि टर्न नीट दिसले तरी पुष्कळ.

उत्तर आलं नाही म्हणून पोरांना खचू देऊ नका. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची संस्था, तिने कॉलेजांचे तीन गट केलेत: डिव्हिजन वन (सगळ्यात वरचा), टू आणि थ्री. तिच्या नियमाने डिव्हिजन वनचे पोहण्याचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनआधी मुलांना मेल करू शकत नाहीत, मुलं मात्र आधीपासून लिहू शकतात. डिव्हिजन वन आणि टूसाठी १६ कोअर कोर्स (शाळेतले ठरावीक मुख्य विषयांचे कोर्स) लागतात, तेही नववीपासूनच बघा.

आणि डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते म्हणून आपली माणसं ती कॉलेजं यादीतूनच काढतात, याचं फार वाईट वाटतं. मार्कांवर, घरच्या परिस्थितीवर तिथेही मदत मिळते. माझी लेक अशाच एका कॉलेजात पोहतेय, आणि खूश आहे.