नववीतला दाखला

दांडिया बाजारातून सूरसागरकडे उतरलं की चहाच्या गाडीपाशी आमचा कट्टा. परवा तिथे चांगलीच जुंपली. विषय आमच्या गल्लीतल्या नववीतल्या पोराचा. वर्गात गोंधळ घालतो, सरांना उलटून बोलतो, एकदा बाकच उलथवला. शेवटी शाळेने आईला बोलावून हातात एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ठेवला.

नानांनी तीस वर्षं मास्तरकी केली आहे. ते म्हणाले, "एकापायी एकोणपन्नास पोरांचा तास बुडतो, ते कोण बघणार? अशा मुलांची शाळाच वेगळी हवी. दहा-बारा पोरं, एक समुपदेशक, जोडीला हाताचं काम. आपल्या वडोदऱ्याला ते नवं आहे का? सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये हातकौशल्याचं शिक्षण देणारं कलाभवन काढलंच होतं ना?"

"नाना, कलाभवनात लोक शिकायची हौस घेऊन जायचे, शिक्षा म्हणून नाही," बापू तडकला. "तुमच्या त्या शाळेला दोन महिन्यांत 'वांड पोरांची शाळा' म्हणतील. मग त्या दाखल्यावर पुढे कोण उभं करणार त्याला?"

दोघांचंही मला पटत होतं, म्हणूनच गप्प बसवेना. त्या पोराला मी महिनाभर संध्याकाळी घेऊन बसतोय. त्याची वही पाहिली तर अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं गुजराती जसंच्या तसं उतरवलेलं. म्हटलं, आता वाच. पहिल्याच ओळीवर अडला. घरात मराठी, शाळा गुजराती, आणि वाचायला दोन्ही येत नाही. त्यानेच हळूहळू सांगितलं: वर्गात बाकाबाकाने धडा वाचायला लावतात. पाळी दोन बाकांवर आली की तो काहीतरी करतो. पुढच्याला टपली मारतो, पट्टी वाजवतो. सर बाहेर काढतात. वाचायची वेळ टळते.

"आठ वर्षांत एकालाही कळलं नाही?" बापूने विचारलं. नाना काही बोलले नाहीत.

कायदा काय म्हणतो, हाही वाद झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाचं नाव कमी करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायला वाट दिली, काढून टाकायला नाही. नववीत ते छत्र राहत नाही. आमच्या गल्लीत मी पाहिलेले तिन्ही दाखले नववीतलेच आहेत. ज्या बडोदा संस्थानात 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड व्हायचा, तिथे आज शाळाच पोराला घरी धाडते, हे मला सहन होत नाही.

"मग ओपन स्कूलमधून दहावी करू दे," नाना म्हणाले. "एनआयओएसला, म्हणजे त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला, चौदा वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय घ्यायचे, पाच वर्षांत नऊ संधी."

"परीक्षेची सोय झाली, पण अकरा ते पाच तो कुठे असेल?" मी विचारलं. आई पोळ्या लाटायला सकाळीच बाहेर पडते. पोर दिवसभर नाक्यावर. ज्याला धड्याची ओळ वाचता येत नाही, त्याने घरी बसून पुस्तकं कशी उघडायची?

माझं म्हणणं एवढंच होतं: वेगळा वर्ग हवा, पण त्याच शाळेत, ठरावीक महिन्यांचा. आधी डोळे, कान आणि वाचन तपासा. मग रोज दोन तास फक्त वाचायला शिकवा, बाकीच्या तासांना त्याच्या मूळ वर्गात बसवा. परतायची तारीख पहिल्याच दिवशी लेखी द्या. ती नसेल, तर तो वर्ग म्हणजे गोड शब्दांत दिलेला दाखलाच.

"शिक्षक कुठून आणणार?" नाना म्हणाले. प्रश्न खरा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चहा गार झाला होता. नानांनी ती वही मागून घेतली, चष्मा चढवला आणि बराच वेळ एकच पान बघत राहिले.

"उद्या चारला शाळेत जाऊ," ते म्हणाले. "मुख्याध्यापकांशी मी बोलतो. तू पोराला आण, आणि ही वहीही."