‘आयटीवाल्यांनी कायद्यात नाक खुपसू नये’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

रूचो खटल्यावरच्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना राज्यात सत्ताधारी पक्षाने आपल्या फायद्याचे मतदारसंघ आखले म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यावरच्या, माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: मतदारसंघांचे नकाशे काढणं विधिमंडळाचं काम, न्यायालयाचं नव्हे, पक्षपात ‘किती झाला की फार’ हे मोजायला पट्टी नाही, मेरीलँडसारख्या राज्यात डेमोक्रॅटही तेच करतात, आणि ‘अमेरिकेत जाऊन बसलेल्या आयटीवाल्यांनी कायद्यात नाक खुपसू नये.’

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. बाकीची प्रतिक्रिया त्याच्यासाठीच लिहिलेली दिसते.

माझे वडील जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. तहकुब्या, हुकूमनामे, दरखास्ती हे शब्द मी जेवणाच्या पानावर शिकलो. सनद नाही माझ्याकडे, पण निकालपत्र वाचायला ती लागत नाही. तुम्ही वाचलंय का, हे मात्र तुमच्या प्रतिक्रियेवरून कळलं नाही. शिवाय नॉर्थ कॅरोलायनात मी राहतो, कर भरतो, मत देतो. घर तेच राहिलं आणि अमेरिकी संसदेसाठीचा मतदारसंघ बदलत गेला, हा अनुभव तुम्हाला कधी आलाय?

आणि आयटीवाले! या खटल्यातला सगळ्यात बोचरा पुरावा संगणकातूनच आला. एका तज्ज्ञाने राजकीय माहिती बाजूला ठेवून 3,000 नकाशे काढून पाहिले. त्यांतल्या एकूण एक नकाशात डेमोक्रॅटांना प्रत्यक्षापेक्षा किमान एक जागा जास्त मिळत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती केगन यांनी बहुमताशी असहमत असलेल्या आपल्या निकालपत्रात हे नोंदवलंय. त्यांना सांगा नाक न खुपसायला.

त्यात लपवाछपवीही नव्हती. नकाशा समितीचे रिपब्लिकन सहअध्यक्ष डेव्हिड लुइस 2016 मध्ये उघडपणे म्हणाले की 10 जागा रिपब्लिकनांना, 3 डेमोक्रॅटांना असा नकाशा काढू, कारण 11 विरुद्ध 2 काढता येईलसं वाटत नाही. त्या वर्षी सुमारे 53 टक्के मतांवर त्यांच्या पक्षाला 13 पैकी 10 जागा मिळाल्या. ग्रीन्सबरोच्या ए अँड टी विद्यापीठाच्या आवारातूनच सीमारेषा गेली, एकाच कॉलेजची पोरं दोन मतदारसंघांत. याला तुम्ही ‘विधिमंडळाचं काम’ म्हणता. म्हणा बापडे.

माझा राग रिपब्लिकनांवर नव्हताच, सर्वोच्च न्यायालयाच्या 27 जून 2019 च्या निकालावर होता. अशी आखणी लोकशाही तत्त्वांशी विसंगत आहे हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स स्वतःच मान्य करतात आणि 5 विरुद्ध 4 मतांनी सांगतात की संघीय न्यायालयांनी यात पडायचं नाही. नो-बॉल होता, हे मान्य करून पंचाने फलंदाजाला तंबूत धाडावं, तसं. राज्यांची न्यायालयं आहेत की, हेही ते सांगतात. त्या वाटेचं काय झालं ते आम्ही इथे पाहिलं. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाशा रद्द केला, न्यायालयाच्या देखरेखीखालच्या नकाशावर दोन्ही पक्षांत जागा 7-7 वाटल्या गेल्या. इथे न्यायमूर्तीही पक्षाच्या नावावर निवडून येतात. त्याच नोव्हेंबरात न्यायालयातलं बहुमत रिपब्लिकनांकडे फिरलं आणि एप्रिल 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निकाल उलटवला. राज्यघटनेतलं अक्षर बदललं नव्हतं. पुढच्या नकाशावर, 2024 मध्ये, 10-4, रिपब्लिकनांच्या बाजूने.

मेरीलँडबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तिथल्या सहाव्या मतदारसंघाची डेमोक्रॅटांनी तीच गत केली, आणि तो खटला रूचोबरोबरच निकाली निघाला. मी त्याला एकच वाक्य दिलं, दोन द्यायला हरकत नव्हती. इलिनॉयही घ्या, वाटल्यास.

पट्टीचा मुद्दा जुना आहे, 3,000 नकाशांत त्याचं उत्तर आलं. ते ‘किती’चं उत्तर नाही असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे. तेवढ्यासाठी पुन्हा लिहीत बसणार नाही. पुढची प्रतिक्रिया निकालपत्र वाचून लिहिलीत तर छापेन, न वाचता लिहिलीत तर उडवेन.