मिनिटाला चार वेळा तीच हवा

गॅरेज ही गाडी ठेवण्याची जागा आहे हे मला मान्य आहे. पण रंधा मारायला, रंग द्यायला आणि 'हा पसारा कधी उचलणार?' असे कोणी विचारणार नाही अशा ठिकाणी सामान पसरायला घरात दुसरी जागाच नसल्यामुळे मी गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून एक टेबल मांडले आणि सुतारकामाचा छंद सुरू केला. छंदाला अडचण एकच होती, ती म्हणजे उकाड्याची. दिवसभर तापलेली स्लॅब, नुकतीच फिरून आलेली गाडी आणि एकही खिडकी नसलेल्या तीन भिंती यांच्या तावडीत उभे राहून करवत चालवली, की फळीचा भुसा पडण्याआधी माझाच घाम तिच्यावर पडे आणि पेन्सिलीने आखलेली रेघ पुसून जाई.

स्लॅबच्या बरोबर मधोमध एक हूक होता. तो कोणी, कधी आणि कशासाठी सोडला होता हे विचारायला घर बांधणारा आता सापडणार नव्हता. पण रिकामा हूक पाहून त्याला काहीतरी टांगण्याची इच्छा न होणारा गृहस्थ विरळाच. मी 1200 मिलिमीटरचा, म्हणजे साध्या घरगुती मापाचा पंखा आणला. त्याच्या खोक्यावर छापले होते, की तो मिनिटाला 210 घनमीटर हवा देतो. माझे गॅरेज 18 फूट लांब, 10 फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे साधारण 48 घनमीटरांचे. मी कागदावर भागाकार केला. उत्तर चाराच्या थोडे वर आले. मिनिटाला चार वेळा गॅरेजातली हवा बदलणार, असे मी रात्री जेवताना जाहीर केले. "बदलून जाणार कुठे?" असे बायकोने विचारले. तो प्रश्न मी त्या वेळी अडाणीपणाचा समजलो, याची नोंद येथे प्रामाणिकपणे करतो.

वायरमन आला, शिडीवर चढला आणि खाली न बघताच म्हणाला, "साहेब, दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं?" आमचे दार पट्ट्यापट्ट्यांचे आहे, ते रुळांवरून वर जाते आणि छताखाली आडवे होऊन पडते. मी हाताने हवेत एक मोघम रेघ ओढून "इथपर्यंत" असे सांगितले. हूकही साधारण 'इथपर्यंत'च होता, हे माझ्या लक्षात आले नाही. पंखा बसला, फिरला, वारा आला. त्या वाऱ्यात मी तब्बल वीस मिनिटे सुखाने रंधा मारला. मग भुसा बाहेर झाडावा म्हणून दाराच्या रिमोटचे बटण दाबले.

दाराचा वरचा काठ आणि पंख्याची पाती यांची भेट झाली तेव्हा जो आवाज झाला, त्याने तीन घरांतली माणसे बाहेर आली. एक पाते वाकले. ते मी हाताने सरळ केले, तेव्हा पंखा फिरताना मान डोलवू लागला. वाकलेले एकच पाते बदलून भागत नाही. पात्यांची वजने एकमेकांशी जुळवलेली असतात, त्यामुळे तीनही पात्यांचा संचच बदलावा लागतो, हे ज्ञान मला मिळाले.

दुसऱ्या खेपेला वायरमनने दांडाच कापून आखूड केला. आता पाती दाराच्या वर राहिली, पण स्लॅबपासून जेमतेम पाच इंचांवर आली. पंखा हवा खाली ढकलतो, तर ती त्याला वरून मिळायला हवी, आणि त्यासाठी पाती व छत यांच्यात निदान आठ इंच, शक्य तर फूटभर अंतर लागते. आमच्या पंख्याच्या डोक्यावर हवाच शिल्लक नव्हती. तो जिवाच्या आकांताने फिरे आणि खाली उभ्या माणसाचा केसही हलत नसे.

शिवाय एक पेच असा पडला, की तो आठवला की मला आजही स्वतःचे कौतुक वाटते. दार उघडे ठेवले, तर पंख्याचा अर्धा घेर आडव्या दाराच्या वर जाई आणि निम्मा वारा दाराच्या पाठीवर पडे. दार बंद केले, तर वारा खाली येई, पण बाहेरची हवा आत यायला वाट उरत नसे. म्हणजे हवा होती तेव्हा वारा नव्हता आणि वारा होता तेव्हा हवा नव्हती. उरलासुरला वारा मिळे तो गाडीला, कारण हूकाखाली मधोमध उभी असे ती. मी मागच्या भिंतीशी घामाने निथळत असे आणि गाडीचे बॉनेट मात्र निवांत वारा खात असे.

आता मी शास्त्राकडे वळलो. भिंतीवर छातीच्या उंचीला तापमापक लावला. पंखा बंद असताना पारा 36 अंशांवर होता. पंखा लावून अर्ध्या तासाने पाहिले तर 37. मी तापमापक झटकला, पुसला, पुन्हा लावला, आकडा हलेना. कारण पुढे उमगले: गरम हवा वर जाऊन स्लॅबखाली साचलेली असते आणि मी पंखा लावून तिला आदराने खाली आणत होतो. पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरचा घाम लवकर वाळवतो आणि त्यामुळे आपल्याला गार वाटते. भिंतीवरच्या तापमापकाला घाम येत नाही, म्हणून तो खरे बोलतो. त्यात पंख्याची मोटर 75 वॅटची, आणि ती जेवढी वीज खाते तेवढी उष्णता शेवटी त्याच खोलीत सोडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता देतो. म्हणजे गारव्यासाठी मी गॅरेजात आणखी पाऊण माणूस आणून ठेवला होता.

याच सुमारास मी एका स्टुलाला व्हार्निश दिले आणि ते लवकर वाळावे म्हणून पंखा पाचावर ठेवला. व्हार्निश वाळले. टेबलाखालचा, कपाटामागचा आणि बहुधा मागच्या वर्षीचाही सगळा भुसा मात्र त्यावर येऊन कायमचा बसला. स्टूल आता घसरत नाही, एवढा फायदा झाला.

शेजाऱ्यांनी सुचवले, "आता पंखा आहे ना, मग दार लावूनच इंजिन चालू करून तपासा, आवाज बाहेर येणार नाही." येथे मात्र मी विनोद बाजूला ठेवला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. पंखा तो बाहेर काढत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात सारखा वाटून देतो. इंजिन चालू करायचे ते गाडी बाहेर काढूनच. पेट्रोलचा कॅन आणि थिनरचे डबेही मी त्याच दिवशी गॅरेजातून हलवले, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट पाहत बसते.

शेवटी वायरमन तिसऱ्यांदा आला. या वेळी मी त्याला चहा आधी दिला आणि सल्ला नंतर विचारला. "पंखा हवा आणत नाही, साहेब. आहे तीच फिरवतो," तो म्हणाला. हेच बायकोने एका प्रश्नात सांगितले होते. पण तिने ते जेवताना सांगितले आणि याने शिडीवरून सांगितले, एवढाच फरक. त्याने मागच्या भिंतीत उंचावर एक छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला आणि दाराच्या अगदी खालच्या पट्टीत जाळीची झडप करून घ्यायला लावली, म्हणजे बाहेरची हवा खालून यावी आणि गरम हवा वरून जावी. एक्झॉस्टचा आकडा मिनिटाला अवघा 15 घनमीटर. माझ्या 210 पुढे अगदीच गरीब. पण तो जी हवा उचलतो ती खरोखरच घराबाहेर टाकतो. हिशेबाने सव्वातीन मिनिटांत गॅरेज एकदा रिकामे होते. गॅरेज पहिल्यांदाच श्वास घेत असल्यासारखे वाटले.

मोठा पंखा स्लॅबला नवा हूक ठोकून चार फूट मागे सरकवला. पूर्ण लांबीचा दांडा परत आला, दार पंख्यापर्यंत न पोहोचता बिनधास्त उघडू लागले आणि काम करताना गाडी बाहेर काढायची सवय लागली. त्यामुळे पंख्याखाली ऐसपैस मोकळी जागा झाली. तेथे प्रथम बायकोने एक खुर्ची आणली; मग शेजारी स्वतःची घेऊन आले. परवा वायरमनही, काही बिघडलेले नसताना, सहज येऊन बसला. मी तिघांकडे पाठ करून, एक्झॉस्टखाली, सगळ्यांनी तापवलेली हवा बाहेर जाता जाता अंगावर घेत, त्या स्टुलावरचा भुसा खरडत होतो.

"वारा मात्र छान येतो हं इथे," शेजारी म्हणाले.