पैसे देऊन जागल

नोव्हेंबरात ऑफिसातल्या मित्रांबरोबर इथे अमेरिकेत उत्तर विस्कॉन्सिनला हेवर्डच्या बाजूला तीन रात्रींसाठी केबिन घेतली होती. केबिन म्हणजे नावाला, आत फायरप्लेस, सौना, बाहेर डेकवर हॉट टब, आणि वायफाय आमच्या गावच्या ग्रामपंचायतीपेक्षा बरं. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा सीझन असतो आणि त्या एका आठवड्यासाठी अशा केबिन लोक मागच्या वर्षीच बुक करून ठेवतात.

माझ्याकडे बंदूक नव्हती, मी नुसता सोबत. तरी भडक नारिंगी जॅकेट घालावंच लागलं, दुसऱ्या कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतो, पण आमच्यात कुणी घातला नाही). पहाटे साडेपाचला, उणे आठ डिग्रीत, झाडाला लावलेल्या शिडीवरून वर चढून बसलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे हे तर मचाण आहे.

तेव्हा यवतमाळकडे संध्याकाळचे पाच वाजले असतील आणि बाबा टॉर्च, घोंगडी, फटाके घेऊन जागलीला, म्हणजे रात्रभर पिकाची राखण करायला, निघायच्या तयारीत असतील. तूर उभी, हरभरा नुकता वर आलेला, म्हणजे रोही (नीलगायी) आणि डुकरांची दिवाळीच. रात्री फोनवर सगळं सांगितलं, हॉट टबसकट, तर बाबा एवढंच म्हणाले, "लोकं पैसे देऊन जागलीले जातेत का रे बाबू?"

आता मुद्द्याचं. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर हिवाळ्यात हे भांडण होतंच. पुण्यातला आतेभाऊ म्हणतो प्राण्यांच्या जंगलात माणूस घुसला, गावाकडचा काका म्हणतो तू ये एक रात्र आमच्या वावरात झोपायला. २०१६ मध्ये बिहारात नीलगायी मारल्या तेव्हा तर मनेका गांधी आपल्याच सरकारच्या पर्यावरणमंत्र्यांवर, म्हणजे जावडेकरांवर, जाहीर तुटून पडल्या होत्या, त्यामुळे आमच्या ग्रुपचं काय घेऊन बसलात. आणि आता इथल्या आमच्या लोकांचं नवीन सुरू झालंय, की अमेरिकेसारखं लायसन्स द्या, शिकारीला परवानगी द्या, पर्यटनही वाढेल.

मला हे अर्धवट वाटतं, कारण ते फक्त बंदूक बघतात. विस्कॉन्सिनमध्ये या नऊ दिवसांसाठी ५ लाखांच्या वर लायसन्स जातात, पण हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची. २००२ मध्ये इथल्या हरणांत मेंदू सडवणारा एक रोग सापडला, तेव्हापासून लोक मुंडकं तपासणीच्या पेटीत टाकून येतात आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये. ते मटण विकताही येत नाही, खा नाहीतर वाटा. शिवाय १९३७ च्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुकांवर आणि गोळ्यांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीवांच्या कामाला जातो, म्हणजे मजा करणाराच बिल भरतो.

आपल्याकडे बिल कोण भरतं? बाबा. डुक्कर आणि रोही मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, कागदावर. पण अर्ज करायचा कधी, मारायचं कुणी, बंदूक कुणाकडे आहे? गेल्या वर्षी नुकसानीच्या पंचनाम्यासाठी बाबांनी चार चकरा मारल्या, भरपाई आली तोपर्यंत त्या पैशात झटका मशीनची (कुंपणात जनावराला नुसता हिसका देणारा करंट सोडतं ते) बॅटरीसुद्धा आली नसती. मग गावात कुणीतरी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडतो आणि डुकराऐवजी माणूस मरतो, हे मी लहानपणी पाहिलंय, त्यावर जास्त लिहवत नाही.

म्हणून शिकारीचं पर्यटन वगैरे ऐकलं की डोकं फिरतं. रिसॉर्टवाला कमावेल, पाहुणा फोटो काढेल, आणि रोही उरलेले ३५६ दिवस तुरीतच येणार. आधी पंचनामा आठ दिवसांत आणि पैसे पीक निघायच्या आत द्या, मग बंदुकीचं बोलू. आतेभावाला हेही पटत नाही आणि काकालाही नाही, काका म्हणतो तू तिकडे टबात बसून सांगू नको, आणि यावर मला खरंच उत्तर नाही.

केबिनच्या मालकाचा मेसेज आलाय, पुढच्या नोव्हेंबरसाठी ॲडव्हान्स पाठवता का म्हणून. माणशी दीडशे डॉलर. झटका मशीनचा भाव काढून ठेवलाय, तेवढ्यातच येतं जवळपास.