सडा म्हणजे उजाड जागा नाही हो!

परत तोच मेसेज आला ग्रुपवर. रविवारी वृक्षारोपण, प्रत्येकी पाच रोपं, टीशर्ट आणि मिसळ फ्री. आता मिसळीला कुठला नाशिककर नाही म्हणेल, पण जागा वाचली आणि डोकंच फिरलं. डोंगरावरचा सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट कातळाचं पठार!

आधी कबुली देतो, सहा वर्षांपूर्वी मी पण हेच केलंय. त्र्यंबककडच्या एका डोंगरावर आम्ही पंधरावीस जण पहारी घेऊन गेलो, पहार आपटली की ठण्ण करून आवाज यायचा, चार बोटं माती आणि खाली नुसता कातळ, तरी हट्टाने गिरिपुष्पाची रोपं खोचली, फोटो काढले आणि उतरलो. खाली काकडी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, तिथं कधी झाड होतं का? तिथं गवत अन् फुलंच." तेव्हा हसलो होतो. मे महिन्यात जाऊन बघितलं तर काड्या आणि खड्डे. मेली ते बरंच झालं म्हणा.

नंतर त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर जायला लागलो तेव्हा कळलं मावशी काय म्हणत होत्या. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, जेमतेम ५.६९ चौरस किलोमीटर, आणि तेवढ्यात किती प्रकारची घरं आहेत बघा. घळींमध्ये दाट झाडी, तिथे बिबट्या. उभ्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं, कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की समजायचं वर बिऱ्हाड आहे. वर्षाला एकच अंडं घालतो हा पक्षी. गुरांना टोचायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरात ती मेली, ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, म्हणून हे उरलेले कडे जपायचे. कड्याला झाड लावा असं कोणी म्हणत नाही ना? मग सड्यानेच काय घोडं मारलंय?

पावसाळ्यात सड्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात तवा तापतो. माती इतकी निकस की सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली रोपटी चक्क किडे खाऊन पोट भरतात! आणि खर्चुडी हे रानफूल. तिची एक जात तर अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. कंदिलासारखं फूल, आत खाली वळलेले केस, माशी शिरली की अडकते, मग केस सुकले की परागकण घेऊन सुटते. मरत नाही हां, पाहुणचार करून सोडतात. जमिनीखाली तिचा कंद असतो, जिवंत, आठ महिने काहीच दिसत नाही, आणि आपण नेमका तिथेच खड्डा खणतो कारण "इथे काहीच नाहीये".

अंजनेरीवर गाडीरस्ता करायचा विषय निघाला तेव्हा आपण नाशिककर भांडलो, छान केलं. पण जेसीबी दिसतो, रोप हातात घेतलेला माणूस मात्र पुण्यवान वाटतो. झाडं लावायचीत तर शहरात लावा की, आमच्या कॉलनीतला रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांची जागा अजून रिकामी आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले आणि एकाने विचारलं, टीशर्ट एक्सएल मिळेल का.