मोरीखालचे दगड खाली बसल्याबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

घोडबंदर रस्त्यालगतच्या आपल्या गृहसंकुलातील नाल्यावरच्या मोरीचे जे काम आम्ही केले, त्याला आपण एकच तारा दिला आहे. पहिल्याच पावसाळ्यात दगड खाली बसले, जाळीतून पाणी झिरपते, काठावर गवत माजले आणि तेवढ्याच पैशांत सलग काँक्रीट झाले असते, असे आपले आक्षेप आहेत. संकुलातील इतर सभासदही हे वाचत असतील, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

येऊरच्या उतारावरून येणारा हा नाला एरवी पसरट वाहतो; मोरीपाशी मात्र त्याचे सगळे पाणी दोन ह्यूम पाइपांत (काँक्रीटच्या मोठ्या गोल नळ्यांत) शिरते. पाइप आतून गुळगुळीत असल्यामुळे वेग मोडत नाही आणि पलीकडे पाणी झोताने बाहेर पडून पात्रातला मुरूम खणू लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते हलवू शकेल अशा दगडाचे वजन सिद्धांतानुसार ६४ पट होते. त्यामुळे वरच्या अंगाला निरुपद्रवी दिसणारा नाला खालच्या अंगाला खोल खड्डा पाडतो आणि तो खड्डा हळूहळू मागे सरकत मोरीच्या पायापर्यंत येतो.

आम्ही काम हाती घेतले तेव्हा तेथे सलग काँक्रीटच होते, हे आपल्या अभिप्रायात आलेले नाही. त्या लादीच्या टोकाला जमिनीत उतरणारी पडदी भिंत नव्हती. पाण्याने टोकाखालचा मुरूम काढून नेला, लादी अधांतरी राहिली आणि मोडली. त्या अवस्थेतील छायाचित्रे कार्यकारिणीकडे आहेत. काँक्रीटला आमचा विरोध नाही, पाइपांच्या तोंडाशी आम्हीही तेच वापरले आहे, मात्र शेवटी पडदी भिंत घेऊन. काँक्रीटची अडचण एवढीच, की खालची माती गेली तरी ते मोडेपर्यंत कळू देत नाही.

त्यापुढे सुटे दगड टाकण्यामागचे कारण नेमके हेच आहे. पात्र जेथे खोल जाते तेथे हे दगड स्वतःच घसरून उतारावर बसतात आणि धूप पुढे सरकू देत नाहीत. आपल्याला जे बिघडलेले वाटले ते त्यांचे ठरलेले काम आहे. रस्ते आणि पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वेही हाच क्रम सांगतात. उथळ पायाच्या लहान पुलांसाठी वरच्या अंगाला किमान ३ मीटर आणि खालच्या अंगाला ५ मीटर पक्की फरसबंदी, तिच्या टोकांना अनुक्रमे २ आणि २.५ मीटर खोल पडदी भिंती, आणि त्यापुढे प्रत्येकी किमान ४० किलो वजनाच्या सुट्या दगडांचा १ मीटर जाडीचा थर, अशी ती रचना आहे. आपली मोरी लहान असल्याने आम्ही लांबी कमी धरली, क्रम बदलला नाही.

काठावरच्या गॅबियनमधून, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांच्या भिंतीतून, पाणी झिरपते, आणि ते झिरपलेच पाहिजे, कारण मागच्या भरावात साठलेले पाणी अडले तर त्याच्या दाबाने भिंत पुढे कलते. पाण्याबरोबर माती जाऊ नये म्हणून मागे जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) घातले आहे, ते झाकलेले असल्याने दिसत नाही. गवताविषयी म्हणाल, तर तो वाळा आहे आणि आम्हीच लावला आहे. त्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरतात. काढायचेच असतील तर मोरीच्या भिंतीच्या सांध्यांतून फुटलेले पिंपळाचे कोंब काढावेत, ते मात्र खरोखर घातक आहेत.

दगडांवर सिमेंट ओतून ते सांधून घ्यावेत, अशी सूचना आपण शेवटी केली आहे. कृपया तसे कोणाकडूनही करून घेऊ नये. सांधलेले दगड घसरू शकत नाहीत आणि जुन्या लादीचीच गत पुन्हा होते. पाऊस ओसरल्यावर पात्राची पाहणी करून जेथे थर पातळ झाला असेल तेथे दगडांची भर घालणे आमच्या करारातच आहे, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. त्या वेळी आपण स्वतः उपस्थित राहावे, ही विनंती.

तोपर्यंत एक काम संकुलाकडे राहते. वरच्या अंगाला फांद्या, प्लास्टिक आणि गाद्या (होय, गाद्यासुद्धा) अडकून एक पाइप बुजला, की सारा लोंढा दुसऱ्यातून जातो आणि तेथील दगडांवर ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक मारा होतो. दर मोठ्या पावसानंतर पाइपांची तोंडे मोकळी करून घ्यावीत.